भावांच्या वाटणीत आलेलं इंजिन

मी इंजिन बोलतोय. बर्फावर धावणाऱ्या गाडीचं, बर्फगाडीचं इंजिन. दोन सिलेंडरचं, पाण्याने गार राहणारं, आणि सध्या भयंकर संतापलेलं. गोडगोड ऐकायला कोणी बसलं असेल तर त्याने खुशाल उठून जावं.

सध्या मुक्काम हाउकी तळ्यावर, बर्फावर. एप्रिल लागलाय. खालचा बर्फ रोज थोडा काळा पडतोय, आणि गाव काठावर उभं राहून कॉफी पीत माझ्याकडे बघतंय, की हे धूड बुडतंय कधी. इथे दरवर्षी असंच करतात. हिवाळ्यात काहीतरी भंगार तळ्यावर नेऊन ठेवायचं, त्याला दोर बांधायचा आणि ते कुठल्या दिवशी खाली जाईल यावर पैजा लावायच्या. गोळा झालेला पैसा गावाच्या आग विझवणाऱ्या तुकडीला जातो. फार चांगलं काम आहे म्हणे. ज्याला बुडायचंय त्याला विचारा.

मला इथे आणून बसवलं दोन सख्ख्या भावांनी. थोरला ताइस्तो हाउताला, धाकटा आर्विद हाउताला. नावं घेऊनच बोलतो. आता कोणाची भीडभाड ठेवायचं कारण उरलेलं नाही.

जन्म माझा कारखान्यातला. तिथे मला गाडीच्या सांगाड्यात बसवलं, ट्रकवर चढवलं आणि मिशिगनच्या या उत्तर टोकाला पाठवलं. इथे मला घेतलं म्हाताऱ्या इसाक हाउतालाने, या दोघांच्या बापाने. त्याचं उभं आयुष्य लाकूडतोडीत गेलेलं. पंजे फावड्यासारखे, पण मला हाताळताना एकदम हलका. माझ्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं. ते तो बरणीत घालून हलवायचा, उजेडात धरून बघायचा आणि मगच ओतायचा. दोरी ओढताना म्हणायचा, "ऊठ बाबा, उजाडलं." मी पहिल्या ओढीला उठायचो. तेव्हा माझा स्वभाव असा नव्हता.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. माझ्या अंगात पाणी फिरतं. ते तापलं की गाडीच्या पोटाखालच्या पोकळ पट्ट्यांमध्ये जातं. गाडी धावताना खालून त्यांच्यावर बर्फ उडतो, पाणी गार होतं आणि परत माझ्याकडे येतं. म्हणजे मला बर्फ लागतो. तुम्हाला श्वास लागतो तसा लागतो. इसाकला हे पक्कं ठाऊक होतं. बर्फ कमी असलेल्या वाटेवर तो थांबायचा आणि हाताने बर्फ उचलून त्या पट्ट्यांवर टाकायचा.

आणि होती एक सौना. तळ्याच्या काठावर, उताराच्या पायथ्याशी, इसाकने स्वतः बांधलेली. ओंडक्यांची छोटी खोली, आत दगडांची भट्टी, भिंतीला चढत्या फळ्या. इथल्या माणसांना एखादं जेवण चुकलं तर चालतं, शनिवारची सौना चुकलेली चालत नाही. दुपारपासून लाकडं घालून दगड तापवायचे, तळ्यातून बादल्या भरून आणायच्या, संध्याकाळी दगडांवर पाणी मारून वाफेत बसायचं, बर्चच्या डहाळ्यांनी एकमेकांच्या पाठी झोडायच्या. मग बाहेर येऊन सॉसेज भाजून खायचं आणि आठवड्याभराची भांडणं विसरायची.

इसाक थकला तसं त्याला बादल्या उचलवेनात. शुक्रवारी तो पोरांना सांगायचा, "उद्या कुणीतरी लवकर या रे, पाणी भरायला."

दोघंही हो म्हणायचे. कधी हा यायचा, कधी तो.

तो शनिवार मला विसरता येत नाही. ताइस्तो मला घेऊन तळ्याच्या पलीकडे गेला होता, बर्फाला भोक पाडून मासे धरणाऱ्या मित्रांकडे. आर्विद आपल्या धुरीच्या खोलीत मासे टांगत होता. त्याचा धंदाच तो, धुरावलेले मासे विकण्याचा. दुपारी दोघांनीही सौनाच्या धुराड्यातून धूर निघताना पाहिला. ताइस्तो मित्रांना म्हणाला, "आर्विद पोचलेला दिसतोय." तिकडे आर्विदही मनात तेच म्हणाला असणार, फक्त नाव बदलून.

बादल्या म्हाताऱ्यानेच वाहिल्या. गुडघाभर बर्फातून, एकट्याने. मग वरच्या फळीवर जाऊन बसला आणि बसल्या जागी त्याचं हृदय थांबलं.

आम्ही अंधार पडताना परतलो. मी सौनाच्या दाराशीच उभा होतो, अजून गरम. आतून आर्विद बाहेर आला आणि त्याने भावाची गळपट्टी धरली. "तुझी पाळी होती!"

"माझी? कुणी सांगितलं माझी? तुझी होती!"

"तू होतास कुठे?"

"आणि तू कुठे होतास रे?"

बाप आत गार पडत होता आणि बाहेर हे चाललं होतं. मी तिथे होतो, मी ऐकलं. बाप नेहमी म्हणायचा "कुणीतरी या", आणि या दोन शहाण्यांच्या कानात ‘कुणीतरी’ म्हणजे कायम दुसरा. एवढी साधी गोष्ट. ती त्यांना त्या दिवशी कळली नाही, आणि नंतर कळून घ्यायची हिंमत झाली नाही. त्या दिवसापासून दोघांमधून विस्तव जात नाही.

मग वाटणी झाली. अहो, काय वाटणी होती ती! शेजारीपाजारी कुंपणाला टेकून बघत होते. होडी आर्विदला गेली तर ताइस्तोने वल्ही उचलली. लोहाराचा भाता एकाकडे, ऐरण दुसऱ्याकडे. शेवटी माझ्यावर आले. आर्विद म्हणाला, "गाडी मला पाहिजे." ताइस्तो म्हणाला, "घे ना. इंजिन माझं." आणि पाना आणून त्याने मला सांगाड्यातून उपटलं. बोल्ट काढले, नळ्या तोडल्या, आणि ज्या पट्ट्यांमधून माझं पाणी फिरायचं त्यासुद्धा उखडून घेतल्या. आर्विद रिकामा सांगाडा ओढत घेऊन गेला, वर बापाची फाटकी सीट.

सौनाचे तुकडे करता येईनात. ती बरोबर दोघांच्या हद्दीवर. ताइस्तोने आठवड्यातले काही दिवस घेतले, आर्विदने काही. शनिवार मात्र कोणी सोडेना. शेवटी दोघांनी एकेक कुलूप आणून दाराला लावलं. शुक्रवारी रात्री दोन्ही कुलपं लागायची, रविवारी सकाळी निघायची. इसाकची सौना शनिवारी थंड पडून राहायला लागली.

मला ताइस्तोच्या शेडमध्ये कोपऱ्यात टाकलं. वर ताडपत्री. उंदरांनी माझ्या धुराच्या नळीत पिल्लं घातली. दर हिवाळ्यात तळ्यावरून दुसऱ्यांच्या गाड्यांचे आवाज यायचे आणि मी पडल्या पडल्या दोन्ही भावांना शिव्या मोजायचो. कोणाला जास्त द्यायच्या हे काही ठरेना.

एका हिवाळ्यात शेडसमोर बोलणं ऐकू आलं. ताइस्तो फावड्याने दारातला बर्फ काढत होता. त्याची बायको सेल्मा पायरीवर चटया झटकत होती. कुंपणापलीकडे आर्विद येऊन उभा राहिला. ताइस्तो त्याच्यापासून दोन हातांवर, पण आर्विद बोलला सेल्माशी.

"सेल्मा, तुझ्या नवऱ्याला सांग, ऑगस्टच्या जत्रेत बागेच्या ट्रॅक्टरांची ओढ आहे, वजन ओढायची शर्यत. मी बापाचा जुना ट्रॅक्टर उतरवतोय. हिंमत असेल तर त्यानेही उतरावं. जो लांब ओढेल, शनिवार त्याचा. कायमचा."

"तो समोर उभा आहे," सेल्मा म्हणाली. "तूच सांग."

"मला कोणी दिसत नाही."

ताइस्तोने फावडं बर्फात रोवलं. "सेल्मा, कुंपणापाशी कोणीतरी भुंकतंय बघ. त्याला सांग, मंजूर आहे."

सेल्माने चटई इतक्या जोरात झटकली की धूळ दोघांच्याही तोंडावर उडाली. "मी काय पोस्टमन आहे का रे तुमची? बाप मेला तेव्हा होतात तेवढेच शहाणे आहात आजही!"

त्याच संध्याकाळी ताइस्तोने माझ्यावरची ताडपत्री काढली. मला वाटलं, आली बुद्धी, आता भावाकडून सांगाडा मागेल आणि मला परत तळ्यावर नेईल. कसलं काय! त्याने शेडमध्ये गवत कापायचा एक मोडका ट्रॅक्टर ढकलत आणला. बसका, बुटका, लॉनवर फिरवायचा. त्याचं स्वतःचं इंजिन कधीच संपलेलं. ताइस्तोने त्याच्या नाकावर थाप मारली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "याच्यात बसायचंय तुला."

मी! ज्याने तळ्यावर वारा मागे टाकला, त्याने भोपळ्यांच्या वाफ्यात जुंपून घ्यायचं! मी माझ्या परीने विरोध केला. पहिल्यांदा दोरी ओढली तेव्हा असा उलटा झटका दिला की मूठ त्याच्या बोटांवर बसली. तो शेडभर नाचला. दुसऱ्यांदा ओढली तेव्हा त्याच्या तोंडावर काळा धूर सोडला. तिसऱ्यांदा त्याने बरणीत पेट्रोल आणि तेल मिसळलं, हलवलं, उजेडात धरलं. अगदी बापासारखं. तिथे मी फसलो आणि चालू झालो.

कामाला मात्र त्याचा हात चांगला. एवढं कबूल करतो, आवडत नसलं तरी. एका छोट्या मोटारीचा मागचा आस कापून त्याने आखूड केला आणि ट्रॅक्टरखाली बसवला. माझा वेग जास्त, जोर उशिरा येणारा. म्हणून मधे साखळी आणि दातेरी चाकं घालून वेग कमी केला, जोर वाढवला. चाकं रुंद. नाकावर वजन, म्हणजे पुढची बाजू हवेत उठू नये. माझ्या त्या पोकळ पट्ट्या त्याने सीटमागे पत्र्याच्या एका परातीत आडव्या टाकल्या, आणि चाचणी घेताना सेल्मा त्या परातीत फावड्याने बर्फ भरायची. बर्फ दारात, पाहिजे तेवढा. फेब्रुवारीत आम्ही अंगणातून ओंडके ओढले. मी गरम म्हणून झालो नाही. ताइस्तो खूश. "रांगेत सगळ्यांच्या पुढे जाणार!" असं सेल्माला दिवसातून कितीदा सांगायचा कोण जाणे.

जूनमध्ये अंगण वाळलं. त्याने मोठ्या थाटात मला बाहेर काढलं, मागे ओंडका बांधला आणि दोरी ओढली. अंगण पार होईपर्यंत माझ्या अंगातलं पाणी उकळलं, पाण्याच्या तोंडावरची टोपी उडाली आणि गरम वाफ थेट त्याच्या पाठीवर आली. तो सीटवरून उडी मारून गवतात पडला.

सेल्मा पायरीवर वाटाणे सोलत होती. तिने हातातलं भांडं बाजूला ठेवलं आणि पोट धरून हसली. "ताइस्तो, बर्फ घालायचा राहिला ना रे! थांब हं, आणते फावडं. अगं बाई, बर्फच नाही! कुठे गेला असेल?"

"गप बस."

"अख्खा हिवाळा खपलास आणि ऑगस्टमध्ये उन्हाळा असतो हे तुझ्या लक्षात आलं नाही?"

आमच्या या भागात हे कोणाच्याही बाबतीत घडलं असतं म्हणा. इथे वर्षातले इतके महिने बर्फ असतो की माणसं तो नसण्याची कल्पनाच करत नाहीत. पण भाजत होतो मी, त्यामुळे मला हसू आलं नाही.

साधा माणूस असता तर त्याने मोटारीचा रेडिएटर बसवला असता. ताइस्तोनेही विचार केला, पण जत्रेत प्रत्येक ट्रॅक्टरचं वजन करतात आणि आम्ही आधीच मर्यादेच्या काठावर होतो. रेडिएटर चढवला की बाद. मग त्याला एक युक्ती सुचली आणि तो एकटाच हसायला लागला. वजन रिकाम्या परातीने करून घ्यायचं. नंतर परातीत बर्फाच्या लाद्या भरायच्या. इंजिन गार, शिवाय मागच्या चाकांवर फुकटचं वजन. ओढ एका मिनिटाचीसुद्धा नसते. तेवढा बर्फ टिकेल. लबाडीच ती. पण मला आपलं एवढंच कळलं की परातीत बर्फ असणार, आणि मी गप्प बसलो.

ऑगस्ट आला. जत्रेच्या मैदानात धूळ, गाईंच्या शेणाचा वास, तळलेल्या गोड पिठाचा वास. ओढीची रीत अशी. ट्रॅक्टरमागे एक मोठा गाडा जोडतात. त्यावर वजनाची पेटी. गाडा जसजसा पुढे सरकतो तसतशी पेटी गाड्यावरून पुढे येत जाते आणि गाड्याचं तोंड जमिनीत दाबत जाते. सुरुवातीला गाडा हलका, शेवटी डोंगर. जिथे थांबलात तिथे निशाण.

भोंग्यावर होता मार्विन. जत्रेत बोलायचं काम त्याचं, आणि आग विझवणाऱ्या तुकडीचा प्रमुखही तोच. पैज गावभर झालेली असल्यामुळे तोही रंगात आला होता. "हाउताला विरुद्ध हाउताला! मंडळी, कोणीही जिंकलं तरी हाउतालाच हरणार!"

पहिल्या फेरीत मी बाकी सगळे ट्रॅक्टर मागे टाकले. आरडाओरडा झाला. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला माझ्या. आर्विदही त्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरवर दम न सोडता, घोगऱ्या आवाजात रखडत रखडत शेवटच्या फेरीत आला. उरलो आम्ही दोघं. आर्विद आधी गेला. त्याचा ट्रॅक्टर हळू, पण थांबेचना. निशाण इतकं लांब पडलं की ताइस्तोच्या तोंडाची चव गेली.

आमची पाळी आली आणि गाड्याची साखळी तुटली. दुरुस्तीला वेळ लागणार. डोक्यावर ऊन, मी आधीच तापलेलो, आणि परातीतला बर्फ टपटप करत मातीत चाललेला. साखळी जोडून झाली तेव्हा परातीत नुसतं पाणी होतं.

"सेल्मा, बर्फ आण!"

सेल्मा धावली. सरबतवाल्यांकडे संपलेला, बिअरच्या तंबूत संपलेला, नाक्यावरच्या दुकानातही संपलेला. मैदानात बर्फ उरला होता फक्त एकाकडे. आर्विदच्या माशांच्या पेट्यांमध्ये. सेल्मा त्याच्याकडे गेली की नाही, काय बोलली, मला माहीत नाही. मी पाहिलं ते एवढंच की आर्विद स्वतः चालत आला. हातात बादली, काठोकाठ बर्फ. त्यात माशांचे खवले चमकत होते. त्याने बादली माझ्या चाकाजवळ ठेवली आणि कित्येक वर्षांनी पहिल्यांदा भावाच्या तोंडाकडे बघून बोलला.

"टाक परातीत. जळेल ते."

ताइस्तो सीटवर ताठ झाला. "तुझ्या माशांचा बर्फ? माझ्या इंजिनावर?"

"मग काय आकाशातून पाडतोस?"

"म्हणजे मी जिंकलो की आयुष्यभर ऐकवशील, माझ्या बर्फावर जिंकलास म्हणून."

"ऐकवीन की. रोज ऐकवीन. पण बापाचं इंजिन तरी वाचेल."

"बापाचं कसलं? वाटणीत माझं आलंय!"

आणि त्याने बूट मारून बादली उलटी केली. बर्फ मातीत सांडला. गावातली पोरं धावली आणि खडे उचलून एकमेकांच्या अंगावर टाकायला लागली.

मी तिथून तो बर्फ बघत होतो. हाताच्या अंतरावर. तहानलेल्या माणसासमोर पाणी ओतून टाकावं तसं झालं मला. शनिवार पाहिजे होता ताइस्तोला, मान पाहिजे होता ताइस्तोला, आणि भाजायचं होतं मी! आर्विद खाली मान घालून रिकामी बादली घेऊन परत गेला. माझ्यासाठी भांडला असता तर? बोटभर बर्फ तरी हाताने उचलून टाकला असता! पण नाही. तोही हाउतालाच.

मार्विनने झेंडा खाली केला. ताइस्तोने मला पूर्ण पिळलं. मी निघालो. गाडा हलला, धावला, जड झाला. पाणी उकळलं. टोपी उडाली. वाफेत मला काही दिसेना, पण पुढे आर्विदचं निशाण फडफडताना ऐकू येत होतं. आणखी थोडं, आणखी थोडं. पिस्टन फुगून सिलेंडरच्या भिंतींना घासायला लागले. मी ओरडत होतो, आणि लोकांना वाटत होतं मी जोरात आहे. निशाणाच्या वीतभर अलीकडे दोन्ही पिस्टन जागच्या जागी चिकटले. कड्, आणि सगळं शांत.

मार्विनने भोंगा तोंडापासून जरा लांब धरला. मग हळूच म्हणाला, "आर्विद हाउताला."

घरी आल्यावर ताइस्तोने ट्रॅक्टर शेडमध्ये ठेवला नाही. कुंपणापाशी नेऊन उभा केला, बरोबर आर्विदच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. रोज जेवताना त्याला मी दिसावा म्हणून. माझा उपयोग आता एवढाच, दुसऱ्याच्या डोळ्यांत खुपायला. पावसाचं पाणी माझ्यात गेलं, गंज चढला. तिथून मला दोन्ही घरं दिसायची आणि खाली सौनाचं धुराडंही.

पहिल्याच शनिवारी धुराड्यातून धूर निघाला. ताइस्तो ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता. सेल्मा आतून म्हणाली, "बघत काय बसलायस? आत ये." तो हलला नाही. आर्विद सौनात गेला. बराच वेळ थांबेल असं वाटलं. पण थोड्याच वेळात बाहेर आला, कोरडाच, सदरा हातात, आणि पायरीवर बसून राहिला. पाठीवर डहाळ्या मारायला तिथे कोण होतं?

पुढच्या शनिवारी धूर नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही.

"जिंकलाय आणि पेटवत नाही!" ताइस्तो सेल्मावर खेकसला. "मला चिडवायला करतोय."

"हो," सेल्मा म्हणाली. "जगात जे काही होतं ते तुला चिडवायलाच होतं. धूर आला तरी चिडतोस, नाही आला तरी चिडतोस. तुझं काय करू मी?"

बर्फ पडला. मार्विन दारोदार फिरत आला, यंदा तळ्यावर ठेवायला काही भंगार आहे का विचारत. आर्विद आपल्या अंगणातून ओरडला, "बर्फगाडीचा सांगाडा आहे, घेऊन जा." त्याला तो नकोसाच झाला असावा.

ताइस्तोने ऐकलं. भाऊ काही देतोय आणि आपण मागे, हे त्याला कसं सहन व्हावं! "मार्विन, इंजिन पण घेऊन जा! नुसता सांगाडा काय बुडवतोस?"

मार्विनने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. वस्ताद माणूस आहे तो. म्हणाला, "नेतो. पण आधी तेलाचा थेंब न् थेंब काढा, तळं घाण व्हायला नको. आणि माझी माणसं तुमच्या गाडीला हात लावणार नाहीत. ज्याची वस्तू त्याने ठेवायची आणि बुडाल्यावर ज्याची त्याने काढायची."

अशा रीतीने दोन भाऊ तळ्यावर समोरासमोर आले. मधे माझा सांगाडा. इतक्या वर्षांनी मी त्याला पाहिलं. तीच फाटकी सीट, इसाकच्या बुटांनी घासलेली तीच पायपट्टी. मला आत बसवणं एकट्याचं काम नाही. एकाने पहारीने उचलून धरायचं, दुसऱ्याने बोल्ट घालायचे. ताइस्तोने पहार धरली. आर्विद पोटावर आडवा झाला. पाना किरकिरायला लागला.

मग आर्विद म्हणाला, "डावीकडे."

"तुझ्या की माझ्या?"

"तुझ्या, शहाण्या. पहार तू धरलीयस ना?"

"नीट सांगता येत नाही का?"

"नीट ऐकता येत नाही का? तेव्हाही येत नव्हतं!"

"तेव्हा म्हणजे कधी? बोल ना, कधी?"

आर्विदने पाना परत लावला. शेवटचा बोल्ट आवळला, उठला आणि सीटवरचा बर्फ हाताने झटकला. ताइस्तोनेही त्याच वेळी हात पुढे केला होता. दोघांनी हात मागे घेतले आणि आपापल्या वाटेने काठाकडे निघून गेले.

असा मी पुन्हा माझ्या घरात बसलो. खाली बर्फ, वर इसाकची सीट. ज्यासाठी इतकी वर्षं तडफडलो ते सगळं मिळालं, बुडण्यापुरतं.

आता माझा दोर सौनाच्या खांबाला बांधलाय, तिथे हाताने फिरवायची चरखी आहे. उतार इतका चिखलाचा की तिथे गाडी पोचत नाही. मी बुडालो की माझं नाक तळातल्या गाळात रुतणार. मग कोणीतरी होडीतून माझ्या डोक्यावर येऊन दोर सैल-घट्ट करत मला सोडवायचं, आणि त्याच वेळी काठावर कोणीतरी चरखी फिरवायची. होडी आर्विदकडे आहे. वल्ही ताइस्तोकडे.

आत्ताही दोघं काठावर आहेत. एक सौनाच्या या बाजूला, एक त्या बाजूला. दोघांची तोंडं माझ्याकडे. मघाशी मार्विनने विचारलं, बुडाल्यावर काढणार कोण? ताइस्तो म्हणाला, "काढेल कुणीतरी." आर्विदही तेच म्हणाला. त्याच शब्दांत.

ऐकलंत? अजून तेच!

माझ्या उजव्या बाजूखाली आत्ता बर्फ करकरला. काठावर कोणीतरी ओरडलं. वाचकहो, तुम्हाला कधी या बाजूला यायचं झालं आणि ते दोघं भेटले, तर माझा शेवटचा निरोप द्या. सांगा, ते इंजिन जाताना तुम्हा दोघांना शिव्या देत गेलं. सांगा, ते जड आहे, मुद्दाम जड आहे, आणि एकट्याने ओढलं तर हलायचंसुद्धा नाही. कुणीतरी नको म्हणावं. बापाने कुणीतरी म्हटलं होतं, आणि कोणीच आलं नाही.

दोघं या.